लेकींचा वारसा

१५ ऑगस्टला महिना उलटतो न उलटतो, तोच मराठवाड्यात पुन्हा एकदा ध्वज उभारला जातो. १७ सप्टेंबर हा आपला दुसरा स्वातंत्र्यदिन. उर्वरित भारताच्या पाठोपाठ तेरा महिन्यांनी, १९४८ साली, निजामी राजवटीचे जोखड मराठवाड्याच्या मानेवरून उतरले. त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर अशा प्रत्येक तालुक्याच्या गावी ध्वजवंदन होते, शालेय मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, भाषणे होतात. या समारंभात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या स्वातंत्र्यसैनिकांसाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. त्या खुर्च्या आता बहुतांशी रिकाम्या दिसतात. १९४८ साली जो पंधरा वर्षांचा होता, त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. काळाचे हे गणित साधे आणि निष्ठुर आहे. ज्यांनी तो संग्राम प्रत्यक्ष पाहिला, ती पिढी आपल्यातून जवळजवळ निघून गेली आहे.

मग आता त्या संग्रामाचा वारस कोण?

सरकारदरबारी या प्रश्नाचे उत्तर तयार असते. ‘स्वातंत्र्यसैनिकाचा नामनिर्देशित पाल्य’ असा एक शब्दप्रयोग शासकीय कागदपत्रांत रूढ आहे. त्या दाखल्यावर नोकरीत प्राधान्य मिळते. केंद्राच्या सन्मान निवृत्तिवेतनाचे नियमही स्पष्ट आहेत. सैनिकाच्या पश्चात ते पत्नीला मिळते, तिच्यामागे अविवाहित व बेरोजगार मुलींना मिळते. म्हणजे मुलगी उजवून सासरी गेली की तिचे नाव त्या फायलीतून निघाले. आर्थिक साहाय्याचा नियम म्हणून यात गैर काही नाही. निवृत्तिवेतन गरजूला मिळावे, हेच योग्य. परंतु नियमाची भाषा हळूहळू समाजाचीही भाषा होते. वारसा म्हणजे दाखला, वारसा म्हणजे लाभ, अशी एक समजूत रुजते आणि ज्याला लाभ नाही तो वारस नाही, असे परस्परच ठरून जाते. मराठवाड्यातील हजारो लेकी आपल्या बापाच्या, आजोबाच्या आणि विशेष म्हणजे आजीच्या पराक्रमाच्या वारसदार आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ते सांगण्याची वेळ आली आहे, इतकेच नव्हे तर ती वेळ झपाट्याने निघून चालली आहे, असे आमचे मत आहे.

या संदर्भात दूरदेशीचे एक उदाहरण आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते. अमेरिकेत ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ नावाची स्त्रियांची एक संस्था आहे. आपण तिला क्रांतिकन्यांची संस्था म्हणू. १८९० साली स्वातंत्र्ययोद्ध्यांच्या पुरुष वंशजांच्या संघटनेने स्त्रियांना सभासदत्व नाकारले. मेरी लॉकवूड या लेखिकेला ते झोंबले. तिने त्याच वर्षी जुलै महिन्यात वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रात हॅना आर्नेट या स्त्रीची कथा प्रसिद्ध केली. १७७६ साली घरात जमलेले पुरुष इंग्रजांची शरणागती पत्करण्याच्या गोष्टी करू लागले, तेव्हा या गृहिणीने त्यांची निर्भर्त्सना केली आणि त्यांना पुन्हा निश्चयावर आणले, असे सांगितले जाते. अशा स्त्रियांच्या लेकींना देशभक्तांच्या पंक्तीत जागा नाही काय, असा लॉकवूडबाईंचा रोकडा सवाल होता. ११ ऑक्टोबर १८९० रोजी संस्था स्थापन झाली. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आज तिच्या सभासदांची संख्या सुमारे १ लाख ९० हजार आहे.

या संस्थेचे सभासदत्व वंशपरंपरेने मिळते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ज्याने हातभार लावला, अशा पूर्वजाची मी थेट वंशज आहे, हे प्रत्येक अर्जदार स्त्रीला सिद्ध करावे लागते. नुसते सांगून चालत नाही. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह आणि मृत्यू यांचा पुरावा जोडावा लागतो. येथे दोन गोष्टी मुद्दाम लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, हा वंश बापाकडून मोजतात तसाच आईकडूनही मोजतात. मुलीची मुलगी, तिची मुलगी, अशी साखळी चालते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘हातभार’ म्हणजे केवळ बंदूक नव्हे. ज्याने सैन्याला धान्य पुरवले, ज्याने जखमींची शुश्रूषा केली, ज्याने निष्ठेची शपथ घेतली, तोही देशभक्त म्हणून त्यांच्या नोंदींत येतो. पुराव्याच्या या आग्रहामुळे राजधानी वॉशिंग्टनमध्ये या स्त्रियांनी एक मोठे ग्रंथालय उभे केले. घराघरांतल्या जुन्या बायबलच्या पानांवर टिपून ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीदेखील त्यात जमा झाल्या. सभासदत्वाच्या निमित्ताने एका राष्ट्राच्या सामान्य कुटुंबांचा इतिहास जतन झाला.

ऐतिहासिक वास्तूंचे व स्मृतींचे जतन, शिक्षण आणि देशभक्तीचे संवर्धन, ही संस्थेची घोषित तीन उद्दिष्टे. पूर्वजांच्या नावाचा टेंभा मिरवण्यापुरतीच ती राहिली असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात सैन्याला परिचारिका हव्या होत्या, तेव्हा अर्ज तपासून योग्य परिचारिका निवडण्याचे काम डॉ. अनिता मॅगी यांच्या नेतृत्वाखाली याच संस्थेने केले. त्यातूनच पुढे १९०१ साली अमेरिकी सैन्याचे स्थायी परिचारिका दल उभे राहिले. नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी नागरिकत्वाची ओळख करून देणारी पुस्तिका त्यांनी अनेक भाषांत काढली. १९५५ मध्ये त्यांनी सरकारकडे मागणी केली की, देशाच्या राज्यघटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी एक सप्ताह पाळला जावा. पुढल्याच वर्षी ती मान्य झाली. त्या सप्ताहाचा पहिला दिवस कोणता? १७ सप्टेंबर! १७८७ साली त्या दिवशी अमेरिकेच्या राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या झाल्या. आपल्या मुक्तिदिनाशी जुळणारा हा केवळ योगायोग आहे. तथापि तिकडच्या लेकी त्या दिवशी शाळाशाळांतून घटना समजावून सांगतात आणि आपण ध्वजवंदनानंतर पांगतो, हा फरक मात्र योगायोग नाही.

या संस्थेची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यातच आपल्यासाठी मोठा धडा आहे. १९३९ साली विख्यात कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना या संस्थेने आपल्या सभागृहात गाण्यास मज्जाव केला. कारण केवळ त्यांचा वर्ण. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी निषेध म्हणून सभासदत्वाचा राजीनामा दिला. त्या वर्षी ९ एप्रिलला अँडरसन यांनी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्या आकाशाखाली गाणे म्हटले आणि सुमारे ७५ हजार श्रोत्यांनी ते ऐकले. स्वातंत्र्याच्या वारसदार म्हणवणाऱ्यांनीच स्वातंत्र्याच्या तत्त्वाला हरताळ फासला होता. पुढे संस्था सावरली. १९४३ मध्ये अँडरसन त्याच सभागृहात गायल्या. १९७७ मध्ये कॅरेन बॅचलर या कृष्णवर्णीय महिलेला सभासदत्व मिळाले, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. नंतर संस्थेनेच मोठे संशोधन हाती घेतले आणि स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या आफ्रिकी व मूळ अमेरिकी वंशाच्या विस्मृत देशभक्तांची विस्तृत यादी ग्रंथरूपाने २००८ साली प्रसिद्ध केली. रक्ताचा अभिमान जेव्हा इतरांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो पूर्वजांचाच अपमान असतो आणि ती चूक सुधारण्याचा मार्गही शेवटी नोंदवहीतूनच जातो, हे या कथेचे सार आहे.

‘घराणेशाहीने आधीच पोखरलेल्या आपल्या सार्वजनिक जीवनात ही आणखी वंशपरंपरेची संस्था कशाला?’ असा प्रश्न येथे कोणी सुज्ञ वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. देशकार्याला जन्माची अट नसते, संकल्प पुरेसा असतो, ही आपली धारणा आहे. वंदनीय मावशी केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्धा येथे राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तेव्हा तिचे दार कोणत्याही कुळाच्या स्त्रीसाठी उघडे होते. तेच योग्य होते. कार्य करण्याचा अधिकार सर्वांचा आहे. परंतु साक्ष देण्याचे कर्तव्य मात्र प्रथम घरच्यांचे असते. रझाकारीत आजीने कोणाला लपवले, शेतातल्या कडब्याच्या गंजीत काय दडवले होते, रात्री किती भाकरी थापल्या आणि त्या कोणाच्या हाती कुठे पोचल्या, हे नातीला सांगता येईल तसे अन्य कोणाला सांगता येणार नाही. येथे वारसा म्हणजे हक्क नव्हे, जबाबदारी. तिच्यात मिळकत नाही, मान नाही, निवडणुकीचे तिकीट तर नाहीच. असल्या वारशाला घराणेशाही म्हणता येत नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत ही साक्ष किती मोलाची आहे, हे संग्रामाचे स्वरूप पाहिले म्हणजे कळते. १९३८ साली स्टेट काँग्रेसची स्थापना झाली, त्याच वर्षी विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ उभी राहिली, आर्य समाजाचा सत्याग्रह १९३८-३९ मध्ये गाजला. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली १९४७ मध्ये लढा निर्णायक टप्प्यावर आला. शिंदीची झाडे तोडणारा जंगल सत्याग्रह झाला, करोडगिरीची नाकी जाळली गेली, संस्थानाच्या सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. नांदेड जिल्ह्यातील तरुण उमरखेडसारख्या ठिकाणी गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर हल्ला झाला. लोहा ज्या कंधार तालुक्याचा तेव्हा भाग होता, त्याच तालुक्यात कल्हाळीच्या गढीत रझाकारांशी झुंजताना अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. हा इतिहास अनंत भालेरावांसारख्यांनी ग्रंथबद्ध केला, हे आपले भाग्य.

या लढ्यात स्त्रिया नव्हत्या काय? जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आज मराठवाड्याची झाशीची राणी म्हणून आदराने घेतले जाते. भूम तालुक्यातील ईट येथील गोदावरीबाई टेके यांनी हातात बंदूक घेऊन झुंज दिली आणि देह ठेवला. ही नावे आपल्यापर्यंत पोचली, कारण त्यांच्या हातात शस्त्र होते. शस्त्राचा आवाज होतो, चुलीचा होत नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष सरहद्दीवरच्या छावणीत निघून गेला, त्या घरातील स्त्रीने मागे काय सोसले? पोलीस आणि रझाकार दारात येत, तेव्हा उत्तर तिलाच द्यावे लागे. पेरणी तिनेच करायची, सासूसासरे तिनेच सांभाळायचे आणि नवऱ्याचा ठावठिकाणा माहीत असूनही ‘ठाऊक नाही’ म्हणून सांगायचे. अनेक कुटुंबे गाव सोडून वऱ्हाडात, सोलापुराकडे गेली. जे दागिने बरोबर नेले, ते वाटेतच पोटासाठी विकले गेले. या धैर्याला कोणते प्रमाणपत्र आहे?

प्रमाणपत्र नाही याचे कारण उघड आहे. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळण्यासाठी तुरुंगवासाचा किंवा भूमिगत राहिल्याचा पुरावा लागतो. सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची सर्वसाधारण अट स्त्रियांसाठी तीन महिन्यांवर आणली गेली, ही सवलत चांगलीच. पण भाकरी पोचवणारीला तीन महिन्यांचा तुरुंगवास कोठून दाखवता येणार? तिच्या कामाचे यश तर याच गोष्टीत होते की, ती कधी पकडली गेली नाही! त्यातून आपल्याकडे लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते आणि पूर्वी तर बहुधा पाळण्यातले नावही बदलत असे. माहेरी एक नाव, सासरी दुसरे. कागदावर तिची ओळख उरते ती अमक्याची पत्नी एवढीच. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कुळातल्या कितीतरी पिढ्यांचे पुरुष सापडतात, पण त्या कुळातून सासरी गेलेल्या लेकींचा माग पुढे लागत नाही.

नोंदी न ठेवण्याचा आणखी एक दुष्परिणाम महाराष्ट्राने अनुभवला आहे. बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाला तेथील प्रकरणे तपासावी लागली. खोट्यांनी निवृत्तिवेतन लाटले, ही हानी पैशांची होती. त्याहून मोठी हानी ही की, त्या गदारोळात खऱ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. खऱ्या नोंदी गावोगाव, समक्ष, वेळेवर झाल्या असत्या तर खोट्याला जागाच उरली नसती. अमेरिकेतील क्रांतिकन्यांचा पुराव्याचा काटेकोरपणा अनेकांना जाचक वाटेल, पण पूर्वजांचा मान राखण्याचा तोच खरा उपाय आहे.

तेव्हा करावे काय? आमची सूचना साधी आहे आणि तिला सरकारी अनुदानाची गरज नाही. लोहा-कंधारपासून आरंभ करावा. प्रत्येक गावात पाच-सात महिलांनी एकत्र यावे. त्यांत संग्रामात भाग घेतलेल्या घरांतील लेकी असाव्यात, सुनाही असाव्यात. कारण जी सून चाळीस वर्षे सासूजवळ बसली, तिच्याइतके त्या घराचे कोणास ठाऊक असणार? त्यांनी एक वही घालावी. तिच्यात प्रथम त्या स्त्रीचे नाव लिहावे, माहेरचे आणि सासरचे, दोन्हीही. मग तिने काय केले, कोणासाठी केले, कोणत्या गावी केले आणि हे आज कोण सांगते आहे, ते लिहावे. जे सांगणारीने स्वतः पाहिले ते वेगळे लिहावे, जे ऐकले ते वेगळे. जिथे दोन घरांची हकीकत जुळत नाही, तिथे दोन्ही लिहाव्यात. अतिशयोक्ती कटाक्षाने टाळावी. घरातली जुनी पत्रे, छायाचित्रे, न्यायालयाचे कागद यांच्या प्रती काढून घ्याव्यात. सर्वांच्या हाती आता मोबाइल आहे, त्यात वृद्ध आजींचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. भाषा त्यांचीच राहू द्यावी. ‘रझाकारीत मी पाळण्यात होते’, ‘पोलीस ॲक्शनच्या साली माझं लगीन झालं’, अशी वर्षे सांगण्याची मराठवाड्याची जी पद्धत आहे, तीच मुळी इतिहासाची नोंद आहे.

वही पूर्ण झाली की तिची एक प्रत गावच्या शाळेत आणि एक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि त्याची स्थापनाही १९९४ च्या १७ सप्टेंबरचीच आहे. तेथील इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थिनींनी या वह्या पडताळून पाहाव्यात. पुढल्या मुक्तिदिनी ध्वजवंदनानंतर भाषणांऐवजी गावातील एका लेकीने त्या वहीतील दोन पाने वाचावीत. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला खंडोबाच्या दर्शनासाठी दूरदूरच्या लेकी माहेरी येतात. गावाची वही त्यांच्या आठवणींनी पुरी करण्यास याहून चांगला मुहूर्त कोणता?

एक पथ्य मात्र पाळावे लागेल आणि १९३९ सालची वॉशिंग्टनमधील ती घटना आपल्याला तेच शिकवते. वहीत वाड्यातली बाई यावी, तशीच वस्तीवरची, तांड्यावरची आणि पालातली यावी. निरोप्याचे काम कोणी केले, वाट कोणी दाखवली, हे जातीची पाटी पाहून ठरले नव्हते. ज्या मुसलमान घरांनी शेजाऱ्यांना आसरा दिला असेल, त्यांचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे व्हावी. निजामाच्या राजधानीत राहून विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हत्या केली. हा लढा एका जुलमी राजवटीविरुद्ध होता आणि सत्याचा आग्रह धरणाऱ्या नोंदीत ते स्पष्ट दिसले पाहिजे. निवडक स्मृती ही अर्धी विस्मृतीच असते.

मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव २०२३ साली पार पडला. घोषणा झाल्या, रोषणाई झाली. त्या वर्षी हयात असलेल्या कितीतरी आजी आज नाहीत. त्यांच्याबरोबर काय काय गेले, याचा हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही. उरलेल्यांजवळ बसण्यासाठी मात्र अजून थोडा अवधी आहे. हे काम कार्यकर्त्यांनी सुरू करून द्यावे आणि मग बाजूला व्हावे. ते माताभगिनींचे आहे, त्याच ते पुरे करतील. ज्या लेकीला वाटते की, माझे लग्न झाले आणि त्या घराशी, त्या इतिहासाशी माझा संबंध संपला, तिला एवढेच सांगणे आहे: बापाच्या फायलीतून तुझे नाव निघाले असेल, आजीच्या वहीत ते लिहिण्याचे काम तुझे आहे. येत्या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी जाशील, तेव्हा एक कोरी वही बरोबर ने.